जयंतीला भिंती घालाव्यात का?

पाणंद

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापुरात शहरातून वाहणाऱ्या जयंती नाल्याची चर्चा सुरू होते आणि पंचगंगेचे पाणी पात्रात परतले की ती थांबते. मधल्या काळात एक मागणी हमखास ऐकू येते: दोन्ही काठांना काँक्रीटच्या उंच भिंती घालून हा प्रवाह सरळ बांधून काढावा, म्हणजे पूर आणि दुर्गंधी हे दोन्ही प्रश्न कायमचे मिटतील. ज्याचे घर पुरात बुडाले आहे त्याने असे म्हणावे, यात नवल नाही. तरीही भिंतींनी पूर थांबणार नाही, दुर्गंधी फार तर पुढच्या वस्तीकडे सरकेल आणि जयंतीत जे काही जिवंत उरले आहे तेही जाईल, असे माझे मत आहे. ते सविस्तर मांडण्यासाठी हा धागा काढत आहे. विरोधी मते अवश्य मांडावीत. अलमट्टी धरणाचा विषय मात्र कृपया इथे आणू नये. त्यावर स्वतंत्र धागे पुष्कळ आहेत.

आधी प्रवाहाची ओळख करून देतो, कारण शहरातल्या बहुतेकांनी जयंती केवळ पुलावरून, तीही नाकाला रुमाल लावून पाहिलेली असते. शहराच्या दक्षिणेला कात्यायनीच्या डोंगराकडून उतरणारे पाणी कळंबा तलावात जमते. संस्थानकाळात हा तलाव बांधला गेला तो शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून. तिथले पाणी उताराने शहरात येत असे आणि ‘पाण्याचा खजिना’ हे ठिकाण आजही त्या व्यवस्थेची आठवण बाळगून आहे. तलाव भरला की सांडव्यावरून सुटणारे पाणी जयंतीच्या वाटेला लागते. रामानंदनगर, जरगनगर, हॉकी स्टेडियमची बाजू, ओढ्यावरच्या रेणुकेचे देऊळ, हुतात्मा पार्क, लक्ष्मीपुरी, दसरा चौकाजवळचा पूल, सुतारवाडा, शाहूपुरीतील कुंभार गल्ली अशा वस्त्यांना लागून ती खानविलकर पेट्रोल पंपापर्यंत येते आणि पुढे पंचगंगेला मिळते. वाटेत गोमती तिला येऊन मिळते. हा सारा प्रवास शहरात किंवा शहराच्या वेशीवर होतो. पंचगंगेच्या प्रदूषणाबद्दल बोलताना आपण साखर कारखान्यांच्या मळीकडे बोट दाखवू शकतो. जयंतीच्या बाबतीत ती सोय नाही. तिच्यात जे येते ते आपल्या मोऱ्यांतून आलेले असते.

दुसरी गोष्ट पाणी मुरण्याची. जुने कोल्हापूर हे तळ्यांचे गाव होते. रंकाळा आणि कोटीतीर्थ उरले, पण कपिलतीर्थावर मंडई झाली, वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभे राहिले. ही तळी पावसाचे पाणी काही काळ धरून ठेवत आणि सावकाश सोडत. ती बुजवताना त्या जागी येणारे पाणी मात्र कुणी बुजवू शकले नाही, याचा पुरावा गांधी मैदान दर पावसाळ्यात स्वतःच सादर करते. पुढे 1895 मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसली, नंतर लक्ष्मीपुरी झाली, 1972 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि दक्षिणेकडची शेते, माळ आणि पाणंदी उपनगरांखाली गेल्या. ज्या जमिनीत पूर्वी पाऊस मुरत होता तिथे आता सिमेंटचे रस्ते, फरशीची अंगणे आणि गच्च्या आहेत. त्यामुळे तासभराच्या वळवानेही जयंती दुथडी भरते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काळ्या पाण्याची बारीक धार उरते.

म्हणूनच माझे म्हणणे असे आहे की आपण जयंतीचा विचार नेहमी तिच्या मुखापाशी उभे राहून करतो, आणि तिचे दुखणे मात्र वर आहे. भिंत ही मुखापाशी उभे राहून सुचलेली कल्पना आहे.

कुंभारगल्ली

आपण लिहिलेला इतिहास वाचनीय आहे. परंतु 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये आमच्या गल्लीत पाणी शिरले तेव्हा आम्ही तळ्यांचा विचार करत नव्हतो. गणेशोत्सव तोंडावर आलेला असतो, घरोघरी आणि मांडवांत मूर्ती ओळीने मांडलेल्या असतात, काही रंगलेल्या, काही अजून ओल्या, आणि नाल्याचे पाणी चढू लागते. ओली मूर्ती उचलता येत नाही, कारण हात लावला तर ती मोडते. जागेवर ठेवली तर पाणी तिला विरघळवते. कारागिराचे वर्षभराचे भांडवल त्या मूर्तींत असते, आणि माती, रंग, मजुरी यांचे पैसे त्याने बहुधा उसने घेतलेले असतात. पुरानंतर मिळणारे सानुग्रह अनुदान घरापुरते असते, मांडवातल्या मालाचा पंचनामा कसा करायचा यावर वाद होतात. अशा माणसाला काठावरची झुडपे आणि पाखरे वाचवण्यासाठी भिंत नको, असे सांगायला आपण प्रत्यक्ष येऊन पाहावे. भिंत नको असेल तर तिच्या जागी काय, हे आधी सांगा.

सांडवा

मी स्थापत्य अभियंता असून पाणीपुरवठा आणि जलनिस्सारण या क्षेत्रांत माझी नोकरी झाली. कुंभारगल्ली यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देण्यापूर्वी जयंतीचा पूर दोन प्रकारचा असतो हे वेगळे करून सांगायला हवे, कारण सार्वजनिक चर्चेत दोन्हींची सरमिसळ होते.

पहिला पूर वरून येतो. दक्षिणेकडच्या उपनगरांवर जोराचा पाऊस झाला की ओघळ, गटारे आणि रस्ते सगळे पाणी थोड्याच वेळात जयंतीत ओततात. हा पूर झटक्यात चढतो आणि काही तासांत उतरतो. दुसरा पूर खालून येतो. राधानगरी, कुंभी, कासारी, तुळशी यांच्या पाणलोटात अतिवृष्टी होऊन पंचगंगा फुगते, तिच्यावरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फुटांची इशारा पातळी आणि मग 43 फुटांची धोका पातळी ओलांडली जाते आणि जयंतीला पंचगंगेत उतरायला उतारच उरत नाही. उलट पंचगंगेचेच पाणी जयंतीच्या पात्रातून शहरात मागे सरकते. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावरची पातळी 55 फुटांच्या पुढे गेली होती. सुतारवाडा, कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, लक्ष्मीपुरीचा सखल भाग इथे दिवसेंदिवस साचून राहणारे पाणी हे या फुगवट्याचे असते.

आता भिंतीचा विचार करा. पहिल्या प्रकारच्या पुरात पात्र अरुंद आणि गुळगुळीत केल्याने पाणी वेगाने पुढे जाईल, म्हणजे वरच्या कॉलनीला दिलासा मिळेल आणि खालच्या गल्लीत तेच पाणी आणखी लवकर व आणखी उंच येईल. दुसऱ्या प्रकारच्या पुरात भिंत उपयोगी पडायची असेल तर ती पंचगंगेच्या महापुराच्या पातळीइतकी उंच आणि मुखापासून बरीच आतपर्यंत सलग हवी. वाटेतले प्रत्येक पूल तितक्याच उंचीचे करावे लागतील. जयंतीला मिळणाऱ्या प्रत्येक गटाराच्या तोंडाला पाणी उलटे न येऊ देणारी झडप बसवावी लागेल. एवढे करूनही भिंतीच्या आतल्या वस्तीत पडणारा पाऊस जाणार कुठे? तो बाहेर काढण्यासाठी जागोजागी मोठे पंप हवेत, आणि ऐन महापुरात वीजपुरवठा सुरक्षिततेसाठी बंद करावा लागतो, हा अनुभव सर्वांना आहे. अशा वेळी भिंतीच्या आत पाऊस साचेल आणि भिंत स्वतःच पाणी अडवून धरेल.

तांत्रिकदृष्ट्या हे अशक्य नाही. जगात अशी शहरे आहेत. पण त्यासाठी लागणारा खर्च आणि देखभालीची शिस्त आपल्याकडे किती दिवस टिकेल, याबद्दल नोकरीतल्या अनुभवावरून मी फारसा आशावादी नाही.

इचलकरंजीकर

पंचगंगेच्या खालच्या अंगाला, इचलकरंजीत राहणाऱ्यांचीही नोंद घ्यावी. 2012 साली आमच्याकडे काविळीची साथ आली, माणसे दगावली, त्यानंतर पंचगंगेच्या प्रदूषणावर उच्च न्यायालयात सुनावण्या झाल्या. कोल्हापुरात जयंती ‘वाहती’ करण्याबद्दल कुणी बोलले की आम्हाला पहिला प्रश्न पडतो तो ती काय घेऊन वाहणार हा. सांडपाण्यासह वेगाने वाहणारी जयंती तुमच्या दाराशी कमी दरवळेल, पण ते पाणी पुढे आमच्याच वाट्याला येईल.

सांडवा

इचलकरंजीकर यांच्या मुद्द्यावरून सांडपाण्याची सध्याची व्यवस्था सांगतो, कारण ‘एवढा खर्च करून प्रकल्प उभारला तरी नाला काळाच कसा’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो.

कसबा बावड्यात 76 एमएलडी क्षमतेचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, म्हणजे दिवसाला 7 कोटी 60 लाख लिटर. दुधाळीला 17 एमएलडीचे दुसरे आहे. जयंतीचे पाणी बावड्याला कसे जाते? खानविलकर पंपाजवळ पात्रात आडवा बांध आहे. तिथे अडलेला प्रवाह पंपिंग स्टेशनमध्ये घेतात, उपसतात आणि दाबनलिकेने केंद्राकडे पाठवतात. याचा अर्थ असा की कळंब्यापासून इथपर्यंतचे संपूर्ण पात्र गटारवाहिनी म्हणून वापरले जाते आणि शुद्धीकरणाची सुरुवात पंचगंगा अगदी जवळ आल्यावर होते. म्हणून केंद्र पूर्ण क्षमतेने चालले तरी शहरातली जयंती काळीच राहणार. पंपांची रचना कोरड्या ऋतूतील प्रवाहासाठी असते. पाऊस पडला की पाणी बांधावरून थेट नदीत जाते. पंप बिघडला किंवा वीज गेली तरी तेच होते. पहिल्या पावसात पात्राच्या तळाशी उन्हाळाभर साचलेला गाळ खवळतो, तो प्राणवायू शोषणारा गाळ एकदम नदीत उतरतो, आणि मग बंधाऱ्यापाशी मासे तडफडताना दिसतात.

एक साधा हिशेब देतो. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दररोज 135 लिटर हे प्रमाण धरतात आणि त्यातले सुमारे 80 टक्के सांडपाणी होते असे मानतात. हजार वस्तीच्या एका कॉलनीतून त्या हिशेबाने दिवसाला 1 लाख 8 हजार लिटर सांडपाणी निघते. मे महिन्यात जयंतीत नैसर्गिक झऱ्याचे पाणी जवळपास नसते. तेव्हा जे वाहताना दिसते ते सगळे आपल्या नळाचे वापरून झालेले पाणी असते. 2023 मध्ये काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचे पाणी शहरात आले. दूधगंगेच्या खोऱ्यातून आणलेले ते पाणीही शेवटी याच नाल्यांत उतरते. पाणी वाढवण्याच्या योजनेवर शहरात मोठा उत्सव झाला. वाढणारे सांडपाणी मात्र कुणाच्या बोलण्यात आले नाही.

टिटवी

मी गेली बरीच वर्षे जयंतीच्या काठाने पक्ष्यांच्या नोंदी ठेवते. ‘मेलेला नाला’ असे सरसकट म्हणणे निसर्गाच्या दृष्टीने बरोबर नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

कळंब्याच्या सांडव्याखाली, जिथे अजून दगडांवरून पाणी खळाळते आणि दोन्ही बाजूंना उंबर, करंज आणि लव्हाळे आहेत, तिथे खंड्या, पाणकोंबडी आणि पावसाळ्यानंतर चतुर सहज दिसतात. चतुराची पिल्ले पाण्याच्या तळाशी राहतात आणि त्यांच्या बऱ्याच जातींना बऱ्यापैकी प्राणवायू लागतो, त्यामुळे काठावर निरनिराळ्या जातींचे चतुर असणे ही चांगली खूण समजतात. पुढे वस्ती दाट होत जाते तसे हे चित्र बदलते. चतुर कमी होतात आणि शेकाट्या वाढतो. लांब लाल पायांचा, काळ्या-पांढऱ्या रंगाचा हा देखणा पक्षी पाहून लोक आनंदाने छायाचित्रे काढतात, परंतु तो तिथे कशासाठी येतो हे समजून घेतले पाहिजे. सेंद्रिय घाण साचलेल्या उथळ पाण्याच्या गाळात लालसर अळ्या आणि बारीक तांबडे जंत मोठ्या संख्येने वाढतात. त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिनसारखे द्रव्य असल्याने अत्यल्प प्राणवायूवर ते तग धरतात, आणि शेकाट्याला तिथे आयते अन्न मिळते. हिवाळ्यात येणारे धोबी आणि तुतवार याच मेजवानीवर येतात. वंचक आणि गायबगळे तर बारमाही आहेत. माशांत चिलापी, मांगूर आणि डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडलेले गप्पी यांच्याखेरीज फारसे काही तगत नाही, आणि हे तिन्ही मूळचे इथले नव्हेत, कारण आज मिळणारा मांगूर बहुधा आफ्रिकी जातीचा असतो.

केंदाळ, म्हणजेच जलपर्णी, हा आणखी एक गैरसमजाचा विषय आहे. ती दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती आहे आणि पाण्यातले नत्र आणि स्फुरद झपाट्याने शोषते. ती वेळेवर बाहेर काढली तर तिच्याबरोबर ही द्रव्येही बाहेर पडतात. ती काठावरच ढीग करून ठेवली, किंवा पहिल्या पुरात वाहून जाऊ दिली, तर कुजून सगळे पुन्हा पाण्यात मिसळते. केंदाळ काढले म्हणून प्रदूषण गेले, असेही नाही. सांडपाणी येत आहे तोवर ते पुन्हा येणारच.

आता भिंतीबद्दल. प्रवाह स्वतःला थोडाफार शुद्ध करत असतो आणि त्यासाठी त्याला उथळ दगड, वळणे, काठावरची मुळे आणि वेळ लागतो. दगडांवर आपटून पाण्यात हवा मिसळते. मुळांवर आणि खडकांवर जीवाणूंचे जे बुळबुळीत थर असतात ते घाण खाऊन टाकतात. काँक्रीटच्या नळीसारख्या पात्रात दगड नसतात, मुळे नसतात आणि पाणी थांबत नाही. सूर्यप्रकाशात तापलेले उथळ पाणी प्राणवायूही कमी धरते. म्हणजे जयंतीकडे उरलेली थोडीशी ताकद आपण आपल्या हाताने काढून घेऊ.

रविवारपेठ

इथे अजून ओढ्यावरच्या यल्लमाचा, म्हणजे रेणुकेचा, विषय आला नाही याचे आश्चर्य वाटते. मार्गशीर्षात सौंदत्तीची यात्रा करून भाविक परत येतात आणि मग ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात आंबील यात्रा भरते. आंबील, घुगऱ्या, वडी-भाकरी, दहीभात यांचा नैवेद्य घेऊन पेठापेठांतून बायका येतात, डोक्यावर घेतलेले देवीचे जग येतात, देवळाभोवती पाय ठेवायला जागा नसते. माझ्या सासूबाई सांगत असत की त्यांच्या लहानपणी नैवेद्य दाखवून झाल्यावर घरची मंडळी ओढ्याच्या काठी बसून जेवत आणि तिथेच हातपाय धूत. आज आम्ही नैवेद्य दाखवतो आणि डबा उघडतो घरी येऊन. यात्रा तितक्याच भक्तीने भरते, गर्दी तर वाढलीच आहे. पण जिच्या काठावर देवी बसली तिच्याकडे यात्रेतले कुणी वळूनही पाहत नाही. ‘करवीर माहात्म्य’ या जुन्या ग्रंथाचे दाखले देऊन जयंती-गोमतीचे पावित्र्य सांगणाऱ्यांची संख्या शहरात कमी नाही. त्यांच्यापैकी किती जणांच्या घरची मोरी याच ओढ्यात जाते, हे विचारण्याची सोय नसते, एवढेच.

देवळापासून थोड्या अंतरापर्यंतचा काठ जरी पुन्हा बसण्यासारखा झाला तरी यात्रेला येणारी हजारो माणसे त्या कामामागे उभी राहतील, असे मला वाटते. भिंत घातली तर देऊळ आणि ओढा यांच्यातला उरलासुरला संबंधही तुटेल.

गुनिया

वास्तुरचनेच्या व्यवसायात असल्याने एक बाजू स्पष्टपणे मांडतो, जी भिंतीच्या चर्चेत सहसा उघड बोलली जात नाही. काठाला भिंत घातली की भिंतीमागची जमीन ‘सुरक्षित’ ठरते, आणि सुरक्षित ठरलेल्या जमिनीला भाव येतो. पूररेषांचे साधे तत्त्व असे आहे की साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळ्या रेषेने दाखवतात आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषेने. निळ्या रेषेच्या आतला भाग पाण्यासाठी मोकळा ठेवायचा, दोन रेषांच्या मधल्या भागात अटींसह बांधकाम करायचे. भिंत बांधून झाल्यावर या रेषा आत सरकवाव्यात, अशी मागणी होणार हे सांगायला ज्योतिषी नको. मग भराव पडतात. भरावाने पाणी नाहीसे होत नाही. जेवढी जागा भरली तेवढे पाणी शेजारच्या गल्लीत जाते, आणि ती गल्ली बहुधा जुनी, गरीब आणि कागदपत्रांत कच्ची असते.

काठ ढासळतो आहे तिथे काहीच करू नये असे मी म्हणत नाही. घराचा पायाच उघडा पडला असेल तर आधार द्यावाच लागेल. त्यासाठी तारेच्या जाळीत दगड भरून केलेली उतरती बांधणी चालते. तिच्यातून पाणी आत-बाहेर होते, फटींत माती साठून वाळा, लव्हाळा यांसारखी मुळे धरणारी झाडे येतात. ती काँक्रीटइतकी दिखाऊ नसते आणि तिच्या उद्घाटनाचा फलकही तितका मोठा लागत नाही.

पाणंद

सांडवा, टिटवी आणि गुनिया यांनी माझ्या मूळ लेखापेक्षा अधिक नेमके लिहिले आहे. कुंभारगल्ली यांना ‘भिंतीच्या जागी काय’ याचे उत्तर देणे ही माझी जबाबदारी आहे, म्हणून ते देतो.

महापुरापुरते बोलायचे तर सखल भागात पाणी येणार, हे गृहीत धरून त्या वस्तीची तयारी करावी लागेल. पंचगंगा चढू लागल्यापासून पाणी कुंभार गल्लीत पोहोचेपर्यंत मधे काही अवधी मिळतो, कारण फुगवट्याचा पूर सावकाश चढतो. राजाराम बंधाऱ्याची कोणती पातळी गाठली की कोणत्या गल्लीच्या कोणत्या उंबऱ्याला पाणी लागते, याची सांगड तिथल्या जुन्या रहिवाशांना तोंडपाठ असते. ती कागदावर आणून प्रत्येक गल्लीत रंगाने खूण करणे अवघड नाही. कारागिरांसाठी जुलै ते सप्टेंबर या काळापुरती उंचावरची सामायिक जागा मिळाली, तर ओल्या मूर्तींचा प्रश्न पूर येण्याआधीच सुटतो. माझ्या मते भिंतीच्या खर्चाच्या लहानशा हिश्श्यात हे होईल.

वळवाच्या पुरासाठी आणि दुर्गंधीसाठी मात्र वरच जावे लागेल. उपनगरांतून येणारे ओघळ अजून पूर्ण झाकले गेलेले नाहीत, तोवर त्यांच्या तोंडाशी लहान प्रक्रिया केंद्रे उभारून शुद्ध केलेले पाणी तिथेच पात्रात सोडले पाहिजे. आज आपण सगळी घाण मुखापर्यंत वाहू देतो, तिथून उपसून बावड्याला नेतो आणि शुद्ध झालेले पाणी पुन्हा पंचगंगेत सोडतो. त्यातला एक थेंबही जयंतीच्या वाट्याला येत नाही. वरच शुद्ध झालेले पाणी मिळाले तर उन्हाळ्यातही पात्रात काही जीव राहील. याखेरीज शाळांची मैदाने, बागा आणि रिकामे भूखंड यांत पाणी मुरवण्याची सक्ती हवी, आणि कळंब्याचा सांडवा ते रेणुकेचे देऊळ एवढ्या पट्ट्यात तरी काठ मोकळा राखण्याचा निर्णय आताच व्हायला हवा, कारण खालच्या भागात तो केव्हाच हातचा गेला आहे.

सांडवा

लहान केंद्रांच्या कल्पनेला माझी तत्त्वतः सहमती आहे, परंतु दोन अडचणी नोंदवून ठेवतो. प्रत्येक केंद्राला जागा, वीज आणि जाणकार माणूस लागतो. मोठ्या केंद्रात एक कुशल कर्मचारी जे सांभाळतो त्यासाठी इथे ठिकठिकाणी माणसे लागतील. दुसरे असे की आपल्या दारात केंद्र नको, ही भावना सर्वत्र असते. ज्या कॉलनीला जयंतीच्या वासाचा त्रास होत नाही तिला, खालच्या वस्तीसाठी आपल्या बागेची जागा द्या, असे सांगावे लागेल. जागा मिळेल असे गृहीत धरून आराखडा करणाऱ्या अनेक योजना मी फायलीतच राहिलेल्या पाहिल्या आहेत.

इचलकरंजीकर

वरच्या कॉलनीने खालच्या गल्लीसाठी जागा सोडायची, हीच आमची कोल्हापूरकडून जुनी अपेक्षा आहे. आता ती तुमच्या शहरातल्या शहरात लागू होते आहे, एवढाच फरक.

कुंभारगल्ली

सर्वांची मते काळजीपूर्वक वाचली. सांडवा यांनी फुगवट्याचे जे विवेचन केले आहे ते आमच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीशी जुळते. पाणी आमच्याकडे खानविलकर पेट्रोल पंपाच्या बाजूनेच चढत येते, वरून नव्हे. भिंतीने ते अडणार नाही हे मान्य करायला मी तयार आहे. मूर्तींसाठी उंचावरच्या जागेची सूचना आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना पटेल, मात्र ती जागा दरवर्षी ठरलेली आणि गल्लीपासून हातगाडी जाईल इतक्या अंतरावर हवी. ओल्या मूर्ती ट्रकमधून खड्ड्यांच्या रस्त्याने नेल्या तर पुराची वाट पाहण्याचीही गरज नाही.

माझी एक अट मात्र राहील. सखल भागात पाणी येणारच असे धरून चालायचे असेल, तर ते तिथे नव्याने येणाऱ्यालाही आधी कळले पाहिजे. काठावर आजही गाळे आणि सदनिका विकल्या जातात, भाड्याने दिल्या जातात, आणि घेणाऱ्याला पहिल्या पुरापर्यंत काही ठाऊक नसते. खरेदीखतात आणि भाडेकरारात त्या जागेची 2019 आणि 2021 ची पाण्याची पातळी फुटांत लिहिणे बंधनकारक करा. भरावाच्या परवानगीसाठी जो अर्ज येईल त्यावर शेजारच्या गल्लीची हरकत मागवा. हे दोन्ही झाले तर काठ मोकळा ठेवण्याच्या मागणीवर आमच्या गल्लीच्या सह्या मी स्वतः फिरून आणतो.

गुनिया

खरेदीखतात पूरपातळीची नोंद करण्यासाठी शासनाच्या पातळीवर निर्णय लागेल, पण भाडेकराराच्या मसुद्यात तसे कलम घालायला आजही कुणाची आडकाठी नाही. माझ्याकडे येणाऱ्या करारांसाठी ते कलम लिहून इथे टाकतो. वकिली व्यवसायातील सदस्यांनी त्याची भाषा तपासून द्यावी. पातळीच्या खुणांसाठी सुतारवाड्यापासून सुरुवात करावी असे सुचवतो, कारण तिथे भिंतींवर दोन्ही पुरांचे डाग अजून दिसतात आणि पुढच्या रंगकामात ते जाण्याची शक्यता आहे.